नेपथ्याचे नगर

खेळ दाखविणाऱ्याने नगर वसवू नये, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मात्र खेळ आणि नगर यांचे धर्म भिन्न आहेत. खेळाला प्रेक्षक पुरतो; नगराला रहिवासी लागतो. सिकंदराबादेहून विजयवाड्याच्या रस्त्याला लागल्यावर अनाजपूरच्या खडकाळ माळावर १९९६ साली उभी राहिलेली रामोजी फिल्म सिटी या कसोटीवर क्वचितच पारखली जाते. तिचा विस्तार १६६६ एकर आहे आणि जगातील सर्वांत मोठे चित्रनिर्मिती-संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे, एवढे सांगितले की आपली रसिकता तृप्त होते. परंतु विस्तार म्हणजे गुण नव्हे.

प्रथम कर्त्याच्या कर्तृत्वाला न्याय दिला पाहिजे. चेरुकुरी रामोजी राव (१९३६–२०२४) हे कृष्णा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले. १९६२ मध्ये त्यांनी मार्गदर्शी ही भिशी काढली, १९७४ मध्ये विशाखापट्टणहून ‘ईनाडू’ हे दैनिक सुरू केले. पुढे लोणची झाली, १९८३ मध्ये चित्रपटसंस्था झाली, १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. राजाश्रयावाचून एका माणसाने एवढा व्याप उभारावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. या व्यापाचा पाया सामान्य गृहस्थाच्या मासिक हप्त्यावर घातला गेला, हेही ध्यानात ठेवावे. त्यांच्या एका वित्तसंस्थेने स्वीकारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या कायद्यास धरून होत्या की नाही, हा वाद २००६ पासून दीर्घकाळ न्यायालयांत चालला. त्याचा निवाडा टीकाकाराने करावयाचा नाही. परंतु परक्याच्या विश्वासावर मोठी स्वप्ने रचणाऱ्याची जबाबदारी केवढी असते, याचे स्मरण त्यातून होते.

आता कृतीकडे वळू. येथे लंडनची गल्ली आहे, उत्तर हिंदुस्थानी बाजार आहे, मोगल बाग आहे, गाडी न सुटणारे रेल्वे स्थानक आहे. दिग्दर्शकाने संहिता घेऊन यावे आणि पुरे चित्र घेऊन परतावे, ही मूळ योजना; आणि सोय म्हणून ती उत्तम आहे. ‘बाहुबली’ची (२०१५) राजधानी येथेच उभारली गेली आणि चित्रीकरण संपल्यावर प्रेक्षणीय स्थळ म्हणून राखली गेली. दोष सोयीत नाही, सवयीत आहे. जे एका चित्रासाठी रचले ते दहा चित्रांत दिसू लागले म्हणजे डोळा सरावतो, आणि खऱ्या बाजारातील धूळ, गर्दी, उन्हाने विटलेला रंग ही सारी ‘चुकीची’ वाटू लागतात. नेपथ्याने वास्तवाची नक्कल करावयाची, तेथे वास्तवालाच नेपथ्याच्या मापाने मोजले जाते.

अमेरिकेतील विल्यम कोडी उर्फ बफेलो बिल (१८४६–१९१७) याची हकीगत येथे उद्बोधक आहे. सरहद्दीवरील जीवनाचा खेळ १८८३ पासून देशोदेशी दाखवून त्याने अमाप पैसा मिळविला आणि वायोमिंगच्या कोरड्या प्रदेशात १८९६ मध्ये स्वतःच्या नावाचे गाव वसविण्यास तो ओतला. कालव्याची योजना आखली, १९०१ मध्ये रेल्वे आली, १९०२ मध्ये मुलीच्या नावाने हॉटेल बांधले. परंतु पाण्याची योजना त्याच्या भांडवलास पेलेना. अखेर धरण संघसरकारने १९१० मध्ये पुरे केले. १९१३ मध्ये कर्जापायी त्याच्या खेळाचे सामान डेन्व्हरला लिलावात निघाले. त्याचे दफनही त्या गावी झाले नाही, कोलोरॅडोत झाले. तरी गाव जगले. कारण तेथे शेतकरी राहिले, मुले जन्मली, पाणी वाहिले.

रामोजींचे भाग्य याच्या उलट. त्यांचा खेळ मोडला नाही, आणि जून २०२४ मध्ये त्यांचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामाने त्यांच्या नगरीतच झाले. परंतु कोणाचे कुलवृत्तान्त या नगरीत सुरू होतात? येथे कामगार येतात आणि पाळी संपली की जातात. प्रवासी तिकीट काढून येतात आणि सायंकाळी परततात. मराठी मनाला याची जाणीव विशेष असावी. ई टीव्ही मराठी ही वाहिनी २००० साली सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या बातम्या याच माळावरून सांगितल्या जात. मराठी तरुण-तरुणींनी येथे उमेदीची वर्षे घालविली. २०१५ मध्ये त्या वाहिनीचे नाव बदलले, मालकी आधीच दुसऱ्याकडे गेली होती. आपल्या भाषेची वाणी इतकी वर्षे जेथून उमटली, तेथे तिचा एक वाडाही मागे राहिला नाही.

सोळाव्या शतकात गोव्याच्या साष्टीतून देव हलवावे लागले, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास. आरंभी तेथे भव्य असे काही नव्हते. पण देवाबरोबर माणसे आली, त्यांचे सण आले, मानकऱ्यांचे भांडणही आले, आणि गाव झाले. रामोजी फिल्म सिटीत देवळांचे देखावे आहेत. प्राणप्रतिष्ठा तेथे अपेक्षितच नाही, आणि म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आपल्याकडे येतो, तो देखाव्यासमोर उभे राहून आपण हात जोडतो तेव्हा नव्हे, तर गल्लीतील खऱ्या देवळाचा जीर्णोद्धार करताना त्याच रंगाची, त्याच चकाकीची मागणी करतो तेव्हा. कारखाना म्हणून ही नगरी थोर आहे. तिला नगराचा आदर्श मानू नये, एवढेच आमचे म्हणणे.