पाच घरांचे कोडे व किल्लारीची घरे

कोड्यास वाङ्मयात स्थान द्यावे की नाही, याविषयी आमच्या टीकाकारांत एकवाक्यता होणे कठीण आहे. उखाणा आणि कूटश्लोक यांस आपण वाङ्मयाच्या ओसरीवर आनंदाने बसू देतो; मग तर्काच्या कोड्यासच दाराबाहेर का तिष्ठत ठेवावे, हे आम्हांस समजत नाही. त्यातही रचना असते, पात्रे असतात, काही सांगितलेले असते आणि काही हेतुपुरस्सर राखून ठेवलेले असते. जी कृती राखून ठेवण्याच्या कलेवर उभी आहे तिचे परीक्षण करताना टीकाकाराने प्रथम हेच पाहावयाचे की, कर्त्याने काय राखून ठेवले, आणि त्याचे ते करणे सचोटीचे होते किंवा नाही. या कसोटीवर आज आम्ही एक सुप्रसिद्ध कोडे घासून पाहणार आहोत. आणि त्या कोड्याने शिकविलेली विचाराची रीत कागदावरून उचलून आपल्याच मराठवाड्यातील किल्लारीस नेली असता ती तेथे कोठवर टिकते, याचाही विचार करणार आहोत.

हे कोडे पाच घरांचे. 'लाइफ इंटरनॅशनल' या नियतकालिकाच्या 17 डिसेंबर 1962 च्या अंकात ते छापून आले आणि तेव्हापासून जगभर फिरत आहे. ते आइन्स्टाइनने रचले असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु त्यास कसलाही आधार नाही. थोरांच्या नावावर पदरचे खपविण्याची खोड आपल्याकडील अभंगांपुरतीच मर्यादित नाही, एवढेच यावरून दिसते. एका ओळीत पाच घरे; प्रत्येकाचा रंग निराळा, प्रत्येकात राहणारा गृहस्थ निराळ्या देशाचा, त्याचे पेय, त्याचा पाळीव प्राणी आणि त्याची सिगारेट हीही निरनिराळी. यांविषयी पंधरा विधाने दिली आहेत, आणि शेवटी दोन प्रश्न: पाणी कोण पितो, आणि झेब्रा कोणाचा?

उत्तर कोणत्याही विधानात सरळ दिलेले नाही. ते एकेक पर्याय खोडीत काढावे लागते. मासल्यादाखल पहिलेच घर घेऊ. त्यात नॉर्वेचा मनुष्य राहतो आणि त्याच्या शेजारचे घर निळे, म्हणजे दुसरे घर निळे ठरले. आता पहिल्याचा रंग कोणता? तांबडा नव्हे, कारण तांबड्या घरात इंग्रज आहे. हिरवे घर हस्तिदंती घराच्या लगत उजवीकडे आहे. तेव्हा पहिले घर हिरवे असू शकत नाही, कारण त्याच्या डावीकडे घरच नाही. आणि ते हस्तिदंतीही असू शकत नाही, कारण मग दुसरे घर हिरवे व्हावयास हवे, आणि ते तर निळे आहे. उरला पिवळा. पेयाचीही तीच गत. दूध मधल्या घरात, कॉफी हिरव्या घरात, चहा युक्रेनच्या गृहस्थाचा. संत्र्याचा रस पिणाऱ्याची सिगारेट एका जातीची आणि पिवळ्या घरातली दुसऱ्या जातीची, म्हणून रसही येथे नाही. चार गेली, पाचवे उरले. तेव्हा नॉर्वेचा मनुष्य पाणी पितो! याच वाटेने पुढे गेल्यास झेब्रा जपानी गृहस्थाच्या दारी बांधलेला सापडतो.

कोड्याची रचना घट्ट आहे, यात शंका नाही. एक विधान काढून घ्यावे तर इमारत ढासळते, असे जिच्याविषयी वाटते ती कृती बांधेसूदच म्हणावयाची. तथापि ज्यास आम्ही या कृतीचे मर्म म्हणू ते तिच्या बांधेसूदपणात नाही. पंधरा विधाने पुन्हा एकवार वाचून पाहावीत. त्यांत पाण्याचे नाव नाही, आणि झेब्र्याचेही नाही. दोन्ही प्रथम भेटतात ती प्रश्नात. पाचव्या घरी कोणताच प्राणी नसेल, किंवा तो प्राणी झेब्रा नसून मांजर असेल, अशी शंका एखाद्या चिकित्सक वाचकाने काढली तर विधानांच्या बळावर तिचे निरसन करता येत नाही. पहिल्या घरातील मनुष्य ताक पीत असेल, तर त्यासही विधानांची हरकत नाही!

हा कोड्याचा दोष म्हणावा काय? आमच्या मते हा दोष नसून संकेत आहे. प्रश्न विचारून कर्ता वाचकास मुकाट्याने अभय देतो की, 'जे असू शकते ते सारे मी तुझ्या पुढ्यात मांडले आहे. याबाहेर काही नाही.' नाटकात रंगमंचावरील कापडी भिंतीस प्रेक्षक जशी भिंत समजतो, तसाच हा करार. वाचक चार पर्याय खोडतो आणि पाचव्यावर निःशंक मनाने बोट ठेवतो, ते केवळ आपल्या तर्काच्या जोरावर नव्हे, तर कर्त्याने दिलेल्या या अभयावर विसंबून.

आपल्या नैयायिकांस ही रीत फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील 'शेषवत्' या प्रकाराचा अर्थ भाष्यकार वात्स्यायनाने परिशेष असाही लावला आहे. संभवणारे पर्याय एकेक निषिद्ध झाल्यावर जो उरतो त्याचे ज्ञान, ते परिशेषाचे. त्याचे उदाहरण शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे आहे. सामान्य, विशेष आणि समवाय हे आधी बाजूस सारावे. मग शब्द द्रव्य नव्हे, कर्म नव्हे, म्हणून तो गुण. युक्तिवाद निर्दोष भासतो. परंतु कुमारिलभट्टांच्या परंपरेतील मीमांसक शब्दास द्रव्यच मानतात! म्हणजे एका पंडिताने जो पर्याय प्रथम खोडला तोच दुसऱ्याने उत्तर म्हणून स्वीकारला. परिशेषाचे सामर्थ्य खोडण्यात आहे, आणि त्याचे मरणही खोडण्यातच आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पाश्चात्त्यांचा अनुभव याहून निराळा नाही. मिल याने 1843 साली आपल्या तर्कग्रंथात 'अवशेषांची रीत' मांडली, आणि तीनच वर्षांनी तिचा जणू विजयोत्सव झाला. युरेनसच्या गतीतून ज्ञात कारणांचा परिणाम वजा केला तरी काही चूक उरत होती. ती एखाद्या अज्ञात ग्रहामुळे असावी असे गणित लव्हेरिए याने केले, आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यास नेपच्यून दिसला. पुढे बुधाच्या गतीतही अशीच चूक उरली, तेव्हा त्याच लव्हेरिएने त्याच रीतीने सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. त्याचे 'व्हल्कन' असे नामकरणही झाले. ग्रह मात्र कधीच सापडला नाही. बुधाच्या चुकीचे कारण एखादा ग्रह नसून गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा आहे, हे 1915 साली आइन्स्टाइनने दाखविले. पर्यायांच्या यादीत 'नियमच अपुरा असेल' हा रकाना लव्हेरिएने घातलाच नव्हता. तर्क दोन्ही वेळी तोच, तर्क करणाराही तोच. फरक एवढाच की, एकदा दुर्बिणीने होकार दिला आणि एकदा दिला नाही.

येथवरचा विचार दिवाणखान्यात बसून करावयाचा. किल्लारीस तो करू लागलो की आवाज आपोआप खाली येतो.

लातूर जिल्ह्यातील औसे तालुक्याचे हे गाव. अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. मापनात तो 6.2 भरला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे पाहता पाहता ढिगारे झाली. मृतांची संख्या सुमारे आठ ते दहा हजार सांगण्यात येते. बावन्न गावे नव्याने वसवावी लागली.

त्या दिवसापर्यंत एक परिशेष सर्वमान्य होता. भूकंप हिमालयात होतात, कच्छात होतात, कोयनेस झाला तो धरणामुळे. दख्खनचे पठार प्राचीन व स्थिर. म्हणून येथे भय नाही. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशात पाच विभाग होते, आणि किल्लारीचा परिसर त्यांतील सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात पडत होता. वस्तुतः ऑगस्ट 1992 पासून तेथे धक्के जाणवत होते, आणि 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का त्यांत बराच मोठा होता. ज्या यादीत 'येथेही मोठा भूकंप होऊ शकेल' हा रकानाच नाही, त्या यादीत या धक्क्यांस लिहावयाचे कोठे? कोड्यातील झेब्र्याचे नाव निदान प्रश्नात तरी येते. किल्लारीत ते प्रश्नातही नव्हते. पुढे 2002 साली नकाशा सुधारला तेव्हा हा परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला, आणि 'पहिला विभाग' या नावाचा रकानाच काढून टाकण्यात आला. आपली यादी चुकली, ही कबुली इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिली जाते.

मग कारण काय, या प्रश्नाचा ऊहापोह सुरू झाला. जवळच माकणी येथे निम्न तेरणेचे धरण. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप सर्वांच्या स्मरणात. तेव्हा पाण्याच्या भाराकडे बोट जाणे स्वाभाविक होते. पण कोयनेचे धरण 103 मीटर उंच, आणि हे त्या मानाने अगदी ठेंगणे. म्हणून पुष्कळांनी तो पर्याय खोडला, काहींनी खोडला नाही. काळ्या पाषाणात अगदी नवीनच भेग पडली असे एक मत. जुनी भेग पुन्हा हलली असे दुसरे. येथे तज्ज्ञांनी जे केले ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. नुसते खोडीत न बसता त्यांनी जमीन खणली. किल्लारीस 617 मीटर खोल छिद्र पाडण्यात आले. 338 मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर, आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन खडक. पाषाणाचे थर एकमेकांपासून काही मीटर सरकलेले आढळले. 1993 च्या एकाच धक्क्याने जमिनीवर दिसलेल्या सरकण्याहून हे अंतर मोठे होते. म्हणजे भेग जुनी असून पूर्वीही हलली असावी. याच तेरणेच्या काठी असलेल्या तेर या गावी, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा दिसतात असेही काही संशोधकांनी मांडले आहे. स्थिर म्हणून जी भूमी आपण यादीतून वगळली तिने आपली साक्ष पोटात जपून ठेविली होती. मात्र ती कोणी विचारली नव्हती.

आणखी एक परिशेष राहिला, आणि त्याची झळ घरोघर लागली. माणसे कशाने मेली? भूकंपाच्या मापाने म्हणावे तर साधारण तेवढ्याच मापाच्या कोयनेच्या भूकंपात मृतांचा आकडा दोनशेच्या आत राहिला. पहाटेची वेळ आणि दाट वस्ती ही कारणे खरी. परंतु डोळ्यांपुढे ढीग होता तो दगडांचा. तेव्हा वाचलेल्या माणसांनी हिशेब केला की, मारणारा दगड. कित्येकांनी दगडी भिंतीच्या आड निजणेच सोडले, आणि नवी गावे उभी राहिली ती बहुतांशी सिमेंटची. ज्यांनी आपली माणसे दगडांखालून काढली त्यांच्या या अनुमानास चूक म्हणण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही. परंतु अनुमान अपुरे होते, हे सांगितलेच पाहिजे. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड. आतबाहेर दगडांचे दोन पदर आणि मध्ये चिखल व खडी. दोन्ही पदरांस आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा नसत. माथ्यावर माळवदाच्या मातीचा जाड थर. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी खणांचे लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. म्हणजे दोष दगडाचा नसून दगडांस न बांधण्याचा, आणि माथ्यावरच्या ओझ्याचा होता. भूकंपानंतर जुनी घरे बळकट करण्याचे जे उपाय तज्ज्ञांनी सांगितले त्यांत भिंतीत आरपार दुवे घालणे, घरास सभोवार पट्टा बांधणे आणि छतावरची माती कमी करणे हेच मुख्य होते. यादीत 'दगड' आणि 'सिमेंट' असे दोनच रकाने ठेवले की 'बांधलेला दगड' हा तिसरा आपोआप नाहीसा होतो; आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे गवंडीकामही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे हे पाच घरांचे कोडे आम्ही अनेकदा मांडतो. उत्तर काढणारे पुष्कळ निघतात. उत्तर निघाल्यावर पंधराही विधाने पुन्हा वाचून ते पडताळून पाहणारा विरळा. आणि 'झेब्रा आहे कशावरून?' असे विचारणारा वर्षांतून एखादाच भेटतो. पहिल्यास गुण द्यावेत, दुसऱ्यास अधिक द्यावेत, आणि तिसऱ्यास जवळ बसवून घ्यावे, असे आमचे मत आहे.

सारांश, या कोड्यास आम्ही उत्तम कृतींत गणतो. मात्र ते आपल्या घरातील मुलांच्या हाती देताना त्यातील अभयवचनाची ओळख त्यांस अवश्य करून द्यावी. कागदावर कर्ता जामीन असतो; जगात तसा जामीन कोणी नाही. येथे प्रत्येक यादीच्या शेवटी एक रकाना कोरा ठेवावा लागतो, आणि जे उरले त्यास सत्य म्हणण्यापूर्वी खणून पाहावे लागते. परिशेषाने बहुधा उत्तर हाती लागत नाही. खणावे कोठे, ते कळते. किल्लारीने हा धडा फार मोठे मोल देऊन शिकविला आहे. तो विसरण्याची सवड आपणांस नाही.