सबप्लॉट देखणा, पण खरं सांगतोय का?

पीएच.डी.च्या एका प्रोग्रेस सेमिनारला मी शेजारी शेजारी दोन हिस्टोग्राम दाखवले होते. समितीतल्या मॅडमनी विचारलं, "दोन्ही गट सारखेच दिसतायत की! मग फरक कसला सांगताय?" मी सरासरी सांगायला लागलो, पण माझंच चित्र माझ्या विरुद्ध साक्ष देत होतं. डेटा बरोबर होता. मॅटप्लॉटलिबचं एक डिफॉल्ट मी तपासलं नव्हतं, एवढंच.

तीच चूक तुम्ही मुद्दाम करून बघा. सीबॉर्नबरोबर पेंग्विनचा डेटासेट मिळतो. अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहावर २००७ ते २००९ या काळात मोजलेले तीन जातींचे ३४४ पक्षी त्यात आहेत. अडेली आणि जेंटू यांच्या वजनांचे हिस्टोग्राम दोन सबप्लॉटमध्ये काढा. अडेलीची सरासरी सुमारे ३७०० ग्रॅम, जेंटूची सुमारे ५०७५. एवढा फरक असूनही दोन्ही आलेख आपापली चौकट भरून बसतात आणि जुळी भावंडं वाटतात. कारण सबप्लॉट्स फंक्शनमध्ये 'शेअरएक्स' मुळात बंद असतो, म्हणून प्रत्येक चौकट स्वतःची मोजपट्टी ठरवते.

उपाय सोपा आहे. शेअरएक्स चालू करा, चौकटी शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवा आणि बिनची रुंदी दोन्हीकडे सारखी द्या, समजा २०० ग्रॅम. आता जेंटूचा ढीग उजवीकडे सरकलेला लगेच दिसतो. चिनस्ट्रॅप जात जोडायची असेल तर उभ्या अक्षावर संख्या न ठेवता घनता घ्या. ते पक्षी फक्त ६८ आहेत, त्यामुळे संख्येच्या आलेखात ते उगाच बुटके दिसतात.

दुसरी तक्रार 'हिस्टोग्राम, बॉक्स, व्हायोलिन, सगळंच टाकू' या सवयीबद्दल. प्रत्येक चौकटीने नवीन काहीतरी सांगायला हवं. बॉक्सप्लॉट चतुर्थके, मिशा आणि बाहेरचे बिंदू दाखवतो, आतला आकार नाही. जेंटूचे नर सरासरी सुमारे ५४८५ ग्रॅमचे, माद्या सुमारे ४६८० ग्रॅमच्या. एका बॉक्समध्ये हे दोन गट गडप होतात. व्हायोलिन आकार दाखवतो, पण सीबॉर्नमध्ये त्याची टोकं मोजलेल्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त वजनाच्याही पलीकडे जातात. त्या वजनाचा पक्षी कुणी मोजलेलाच नसतो! 'कट' शून्य केलं की टोकं डेटापाशीच थांबतात.

आणि एक नेहमीचा घोळ. 'डिस्प्लॉट'ला तुमची चौकट दिली तर तो इशारा देतो, वेगळी फिगर उघडतो आणि तुमची चौकट रिकामीच राहते. सबप्लॉटमध्ये बसवायचं असेल तर 'हिस्टप्लॉट', 'केडीईप्लॉट', 'बॉक्सप्लॉट' वापरा. ही फंक्शन्स 'एएक्स' स्वीकारतात.

लायब्ररीला दोष देऊन मोकळं होता येत नाही. वेगवेगळी मापं शेजारी ठेवायची असतील, उदाहरणार्थ वजन आणि चोचीची लांबी, तर स्वतंत्र अक्षच बरोबर असतो. डिफॉल्टला तुमचा प्रश्न माहीत नसतो, तुम्हाला माहीत असतो.

म्हणून फिगर सेव्ह करण्याआधी शीर्षक झाका आणि शेजारच्या मित्राला विचारा, "यात काय दिसतं?" त्याचं उत्तर तुमच्या निष्कर्षाशी जुळलं नाही, तर चित्र बदला. समितीसमोर कळण्यापेक्षा लॅबमध्ये कळलेलं बरं.