मोजणाऱ्याला मोकळीक हवीच, पण तेवढ्यानं भागतं का?

'स्वतंत्र धोरण-संशोधन' हा शब्द विकासाच्या क्षेत्रात वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय, की त्याचा नेमका अर्थ काय हे कोणी विचारत नाही. त्यामागचं गृहीतक साधारण असं असतं: सरकारबाहेरच्या अभ्यासकांनी पुरावा गोळा करायचा, लोकांपुढे मांडायचा, मग लोक जाब विचारतील, सरकार सुधारेल आणि गरीब देश पुढे जाईल. ऐकायला छानच आहे. पण या साखळीतली प्रत्येक कडी खरंच टिकते का? हे तपासायला टांझानियातली 'ट्वावेझा' ही संस्था फार उपयोगी आहे, कारण तिच्या कामात या साखळीचं यशही दिसतं आणि अपयशही.

ट्वावेझा म्हणजे स्वाहिलीत 'आपण करू शकतो'. २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेत तिचं काम सुरू झालं. तिचा सगळ्यात गाजलेला उपक्रम 'उवेझो', म्हणजे 'क्षमता'. त्याची मूळ कल्पना आपल्या ओळखीची आहे. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून जो 'असर' अहवाल काढला, त्याचंच हे पूर्व आफ्रिकेतलं रूप. स्वयंसेवक घरोघरी जातात, मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, साधी गणितं घालतात आणि निकाल तिथल्या तिथे पालकांना सांगतात.

आता बघा, यात नवीन काय होतं? टांझानियाने २००२ च्या सुमारास प्राथमिक शाळांची फी रद्द केली, पटसंख्या झपाट्याने वाढली आणि सरकार त्याच आकड्यावर खूश होतं. मुलं शाळेत आहेत हे मोजलं जात होतं. ती वाचू शकतात का, हे घरोघरी जाऊन कोणी मोजत नव्हतं. उवेझोने ते मोजलं आणि पुष्कळ मुलं वरच्या इयत्तांत जाऊनही दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत हे उघड केलं. स्वतंत्र संशोधनाचं पहिलं काम हेच: सरकार जे मोजत नाही ते मोजणं. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

पुढची कडी मात्र निसटते. निकाल हातात पडला की पालक शाळेत जाऊन विचारतील, अशी अपेक्षा होती. लिबरमन, पोस्नर आणि त्साय या तीन राज्यशास्त्रज्ञांनी ग्रामीण केनियात नेमकं हेच तपासलं. ज्या घरांना मुलांचे निकाल आणि 'तुम्ही काय करू शकता' याची माहिती दिली, त्यांची तुलना त्यांनी ती न मिळालेल्या घरांशी केली. २०१४ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की पालकांच्या वागण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. ना घरी, ना शाळेत, ना गावात.

विचार केला तर यात धक्का बसण्यासारखं फारसं नाही. शेतावर राबणाऱ्या बाईला 'तुमच्या मुलाला वाचता येत नाही' असं सांगितलं, तर तिने नक्की कोणाकडे जायचं? मुख्याध्यापक तिचं ऐकेल का? तिने बोलल्याचा त्रास मुलाला झाला तर? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नसतं. ज्या संस्थेचा सगळा डोलारा 'माहितीतून बदल' या विश्वासावर उभा होता, तिच्या कामाची बाहेरच्यांनी अशी तपासणी केली आणि ती जगासमोर आली. माझ्या मते स्वातंत्र्याची खरी कसोटी इथे लागते. सरकारच्या विरोधात जाणारा आकडा छापायला धाडस लागतंच, पण आपल्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारा आकडा पचवणं त्याहून अवघड.

दुसरा अभ्यास 'किउफुन्झा' नावाच्या प्रयोगाचा. म्बिती, मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१९ मध्ये आला. १० जिल्ह्यांतल्या ३५० सरकारी प्राथमिक शाळांमध्ये २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं हा प्रयोग चालला. काही शाळांना दर विद्यार्थी १०,००० शिलिंग अनुदान दिलं, काही शाळांत मूल चाचणी पास झालं की शिक्षकांना बक्षीस दिलं, काहींना दोन्ही दिलं आणि उरलेल्यांना काहीच नाही.

निकाल काय? नुसत्या अनुदानाने मुलांच्या शिकण्यावर परिणाम झाला नाही. नुसत्या बक्षिसाचा परिणाम संमिश्र. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र स्पष्ट सुधारणा झाली, आणि ती दोन्हींच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त होती. सोप्या भाषेत सांगायचं तर पुस्तकं आली, पण शिकवायची ओढ नसेल तर ती कपाटात राहतात. ओढ आहे, पण खडूच नाही, तर शिक्षक तरी काय करणार? 'शाळांना पैसे द्या' आणि 'शिक्षकांना जबाबदार धरा' या दोन गटांचं भांडण जगभर चालू असतं. ते निम्मं तरी निरर्थक आहे, हे या पेपरने दाखवलं.

पण माझे दोन आक्षेप आहेत. पहिला: लेखकांच्या यादीत खुद्द ट्वावेझाचे संस्थापक राकेश राजानी आहेत. पेपर नीट तपासला गेलाय, पद्धत चोख आहे, मला निकालावर शंका नाही. तरीही ज्याने कार्यक्रम राबवला तोच मूल्यमापनात सहभागी असेल, तर 'स्वतंत्र' म्हणजे कोणापासून स्वतंत्र, हे स्पष्ट लिहायला हवं. सरकारपासून? हो. कार्यक्रमापासून? नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. बक्षिसाचे पैसे वाटले एका संस्थेने. उद्या हेच सरकारी यंत्रणेने केलं तर? केनियात कंत्राटी शिक्षकांच्या प्रयोगात अगदी असंच झालं होतं. स्वयंसेवी संस्थेने राबवलं तेव्हा मुलांचे गुण वाढले, सरकारने राबवलं तेव्हा काहीच नाही. म्हणजे 'काय चालतं' याचं उत्तर 'कोण चालवतं' यावर अवलंबून असतं. धोरण म्हणून शिफारस करायची असेल तर हा प्रश्न तळटीपेत टाकून चालत नाही.

आणि आता २०१८. ट्वावेझाचं 'साउती झा वानांची' म्हणजे 'नागरिकांचा आवाज' हे फोनवरचं सर्वेक्षण आहे. त्या वर्षी जुलैत त्यांनी आकडा छापला: राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांच्या कामावर समाधानी असणारे लोक २०१६ मध्ये ९६ टक्के होते, २०१७ मध्ये ७१, आणि आता ५५. लगेच विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने विनापरवाना सर्वेक्षण केल्याचा ठपका ठेवून खुलासा मागितला. संस्थेचे प्रमुख एडन एयाकुझे यांचा पासपोर्ट काढून घेतला गेला. सप्टेंबरमध्ये सांख्यिकी कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारी आकडेवारीला छेद देणारी आकडेवारी छापणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. जागतिक बँकेने जाहीर चिंता व्यक्त केली, आणि २०१९ च्या मध्यात ती तरतूद मागे घेतली गेली.

गंमत बघा. मुलांना वाचता येत नाही, हे वर्षानुवर्षं छापलेलं सरकारने चालवून घेतलं. नेत्याच्या लोकप्रियतेचा आकडा आला तेव्हा कायदाच बदलला. पण त्या कायद्याचा धाक फक्त जनमत चाचणीपुरता राहिला नाही. महागाई, पीक, आजार, कोणताही आकडा सरकारी आकड्याशी जुळला नाही की छापणारा अडचणीत. पुढे मे २०२० मध्ये कोरोनाची सरकारी रुग्णसंख्या ५०९ वर थांबली आणि नंतर वर्षभर नवा आकडाच आला नाही. कायदा तोवर सैल झाला होता, सवय मात्र तीच होती.

म्हणून 'संशोधनामुळे विकास होतो' या वाक्यावर माझा विश्वास नाही, आणि 'असल्या अहवालांचा काय उपयोग' हेही मला पटत नाही. उवेझोमुळे पालक बदलले नाहीत, पण नुसत्या पटसंख्येवर समाधान मानणं मात्र कठीण झालं. किउफुन्झामुळे प्रश्न सुटला नाही, पण पैसे कुठे वाया जातात हे कळलं. हे छोटं वाटेल, पण ज्या देशात शाळेचा पैसा मुळातच कमी आहे, तिथे तो चुकीच्या जागी जाऊ न देणं ही मोठी गोष्ट आहे.

यापुढे कुठल्याही 'स्वतंत्र' संस्थेचा अहवाल हातात आला, तर एक गोष्ट जरूर शोधा: या संस्थेने स्वतःच्याच कार्यक्रमाचा काही उपयोग झाला नाही, असं कधी छापू दिलंय का? ट्वावेझाच्या बाबतीत उत्तर 'हो' आहे. म्हणूनच तिचा ५५ टक्क्यांचा आकडाही मी गांभीर्याने घेतो.