जिन्यावरील संहिता : जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटिस’ त्रयीतील अवकाश आणि वाचन

स्थलविशिष्ट मांडणशिल्पाच्या चर्चेत रिचर्ड सेरा यांच्या ‘टिल्टेड आर्क’चा दाखला हमखास दिला जातो. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ मध्ये उभारलेली ही पोलादी भिंत १९८९ मध्ये हटवण्यात आली. ती अन्यत्र नेणे म्हणजे ती नष्ट करणे, अशी सेरा यांची भूमिका होती. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद परका वाटू नये. अननुवाद्यतेचा प्रश्नच येथे स्थळाच्या संदर्भात उभा राहिला आहे. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट (जन्म १९७४) यांच्या ‘पब्लिक नोटिस’ या त्रयीत तो अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण या कृतींचे द्रव्यच मुळी भाषणांच्या संहिता आहेत.

पहिल्या कृतीत (२००३) नेहरूंचे १९४७ च्या मध्यरात्रीचे भाषण अॅक्रिलिकच्या आरशांवर रबरी चिकटद्रव्याने लिहून पेटवलेले आहे. अक्षरे करपतात, आरसा वाकतो आणि वाचकाला स्वतःचा विरूप चेहरा ओळींच्या आड दिसतो. दुसरीत (२००७) दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येचे, ११ मार्च १९३० चे गांधीजींचे भाषण हाडांच्या आकाराच्या अक्षरांत फळ्यांवर मांडले आहे. ही कृती निरनिराळ्या संग्रहालयांत फिरली, आणि प्रवासाने तिचे फारसे बिघडले नाही.

तिसरीचे तसे नाही. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या धर्मपरिषदेत भाषण केले, ते आज आर्ट इन्स्टिट्यूट असलेल्या इमारतीत. २०१० मध्ये त्याच तारखेला कल्लाट यांनी हे भाषण तेथील भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर दिव्यांच्या अक्षरांत उमटवले. धर्मांधतेच्या अंताची आशा व्यक्त करणाऱ्या भाषणाची तारीख १०८ वर्षांनी कशासाठी लक्षात राहू लागली, हे सांगावे लागत नाही. मात्र कृतीचे मर्म या योगायोगापेक्षा जिन्यात अधिक आहे. छापील पानावर डोळा फिरतो, येथे सबंध देह फिरतो. पाऊल उचलले की वाचलेली ओळ पायाखाली जाते. थांबून मागे वळावे, तर मागच्या माणसाची वाट अडते. आणि जिना उतरणाऱ्याला पायाखालच्या पायऱ्यांची ती बाजू दिसतच नाही : तोच जिना, तोच देह, पण संहिता नाहीशी. वाचन दिशेवर अवलंबून असते ही गोष्ट वाचनसिद्धान्तांनी कधी इतक्या ढोबळपणे, गुडघ्यांना जाणवेल अशी सांगितलेली नाही.

कृतीची दुबळी बाजू रंगांत आहे. अक्षरांना दिलेले पाच रंग अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या धोकासूचक श्रेणीतले होते. २०११ मध्ये ती श्रेणीच रद्द झाली. त्यामुळे सहिष्णुतेची भाषा आणि संशयाची भाषा एकमेकींवर आदळण्याचा जो परिणाम कल्लाट यांना अभिप्रेत होता, तो आता टीप वाचल्याखेरीज हाती लागत नाही. टीप न वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती केवळ रोषणाई ठरते. स्थळाशी घट्ट बांधलेली कृती काळाशीही तितकीच बांधली जाते, आणि काळाची गाठ आधी सुटते. सेरा यांच्या युक्तिवादात या शक्यतेला जागा नाही. २००३ च्या आरशांना मात्र असा आधार लागत नाही. ते ज्या दालनात टांगले जातील, त्या दालनाचे छत, दिवे आणि माणसे करपलेल्या अक्षरांमागे वाकडी होऊन दिसतात.