सोरचा खडक आणि वाढवणची जाळी

यहेज्केलाच्या ग्रंथातील २६ ते २८ हे अध्याय गर्विष्ठ राष्ट्रांवरील ईश्वरी न्यायाचा नमुना मानले जातात. सोर हे फिनिशियन बंदर. यरुशलेमच्या पतनात त्याने स्वतःचा लाभ पाहिला, हा त्याचा अपराध. दंड असा, की ते उघडा खडक होईल आणि तेथे जाळी पसरली जातील. भाष्यकारांच्या लेखी जाळी म्हणजे ओसाडी, आणि अर्थ तेथेच संपतो.

डहाणू तालुक्यातील वाढवणच्या किनाऱ्यावरून ही संहिता वाचली, तर प्रतिमेचा अर्थ उलटतो. तेथे पसरलेली जाळी ही वस्तीची खूण आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलेल्या बंदराला त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये सशर्त संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. जाळ्यांची जागा जाईल, हेच मच्छीमारांचे भय. संदेष्ट्याने जो शाप म्हणून उच्चारला, ते येथे मागणे आहे.

म्हणून हे अध्याय उचलून बंदरविरोधाच्या हाती देणे सोपे असले, तरी ते उथळ वाचन ठरते. २७व्या अध्यायात सोर हेच एक जहाज होते: लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, मिसरी तागाचे शीड, सीदोनचे वल्हेकरी. मग तार्शीशची चांदी, यहूदाचा गहू नि मध, विकली जाणारी माणसेसुद्धा. निषेध करणारा इतक्या चवीने मोजदाद करतो, की विलापाला वैभवाचीच भुरळ पडावी. या गजबजलेल्या यादीत वल्हेकऱ्यांना गावाचे नाव आहे; खडकावरील जाळ्यांना मात्र धनी नाही. न्यायाच्या वाणीलाही किनारा रिकामाच दिसतो. आमोस शेजारी राष्ट्रांवरून फिरत अखेर न्याय इस्राएलवर आणतो, तसे वळण सोरविषयीच्या या अध्यायांत नाही.

शिवाय २९व्या अध्यायात नबुखद्नेस्सराच्या सैन्याला सोरपाशी श्रमाचे वेतन मिळाले नाही, अशी कबुली येते. त्याची भरपाई मिसर देऊन करावी लागते. भाकिताची ही दुरुस्ती संहितेने लपवली नाही, हे तिचे मोठेपण. बेट पडले ते इ.स.पू. ३३२ मध्ये, अलेक्झांडरने समुद्रात भराव घालून ते किनाऱ्याला जोडले तेव्हा. त्या भरावाभोवती वाळू साचत गेली. त्यावर आजही शहर आहे, आणि त्याच्या जुन्या बंदरात मासेमारीच्या होड्या लागतात.