मोजमाप आणि वाटचाल

संशोधन हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. जुन्या दप्तरांतील कागद प्रसिद्ध करणारा, खडकाचा तुकडा तपासणारा आणि जात्यावरच्या ओव्या उतरून घेणारा, हे तिघेही संशोधकच म्हणवले जातात. तसे म्हणण्यास हरकत नाही. परंतु तिघांच्या निष्कर्षांस एकच कसोटी लावू गेल्यास घोटाळा होतो. ज्यात आकडे आहेत तेवढेच शास्त्र आणि बाकीचे ललितलेखन, अशी समजूत सुशिक्षित वाचकवर्गात बरीच रूढ आहे. ती कितपत टिकते हे पाहण्यास इरावतीबाई कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख फार उपयोगी आहे.

इरावतीबाई मूळच्या मोजमापाच्या शास्त्रात तयार झालेल्या. १९३० च्या सुमारास बर्लिन येथे त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेवर प्रबंध लिहिला. या विषमतेचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. बाईंच्या मापांतून तो संबंध निघाला नाही, आणि निघाला नाही असेच त्यांनी लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना १९५३ साली त्यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा ‘वाटचाल’ लिहिणारीस आकड्यांचे वावडे होते, असे कोणासही म्हणता येणार नाही.

या लेखात मात्र ना कोष्टक आहे, ना प्रश्नावली. बाई ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर एका दिंडीतून पंढरीस चालत निघतात आणि जे दिसते, जे मनास लागते, ते लिहितात. शिरगणतीच्या रकान्यात मनुष्याची जात नोंदता येते. पण दिवसभर एकाच टाळाच्या ठेक्यावर चालणारी माणसे मुक्कामी पोहोचताच जातवार निरनिराळ्या चुली मांडतात, ही गोष्ट कोणत्या रकान्यात घालावयाची? ती पाहावयास त्या वाटेने चालावेच लागते. शिवाय आपण कोणत्या पंक्तीत जेवलो आणि ती फारकत आपणांस कशी सलली, हेही बाई झाकून ठेवीत नाहीत. पुष्कळांना ही भावविवशता वाटेल. आमच्या मते हाच या लेखाचा शास्त्रीय गुण होय. पाहणारा कोठे उभा आहे हे कळल्यावर त्याच्या दृष्टीस काय आले आणि काय निसटले, याचा अंदाज वाचकास बांधता येतो.

अंदाज बांधल्यावर मात्र लेखातील उणीवही स्पष्ट होते. ज्या देशाचे लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, अशी एक व्याख्या बाईंना या वाटेवर सुचते. व्याख्या मोठी मनोहर आहे, आणि त्यामुळेच वाचक तिला सहज वश होतो. परंतु पंढरीच्या वाटेवर चालणारास पंढरीस जाणारेच भेटावयाचे! वऱ्हाडात ऋद्धिपूर हे ज्यांचे मोठे क्षेत्र आहे ते महानुभाव, येथले मुसलमान, सातपुड्यातील कोरकू, हे त्या वाटेवर नव्हते. म्हणून ते महाराष्ट्राबाहेर गेले काय? दिंडीपुरते जे खरे, ते प्रांतावर पसरताना बाईंनी निराळा पुरावा दिलेला नाही. दोष डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीचा नव्हे. त्या पद्धतीच्या पल्ल्याबाहेर उडी घेण्याचा आहे.

आकड्यांस असे भय नसते, असे कोणी म्हणेल. त्यास बुलढाणे जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण द्यावे. सुमारे १·८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्कापाताने झाले, याविषयी आता शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही. पण त्याचे वय किती? आघाताने वितळून झालेल्या काचेची तापदीप्तीच्या पद्धतीने परीक्षा झाली, तेव्हा १९९७ साली ते सुमारे ५२ हजार वर्षे ठरले. आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या गणिताने २०११ साली तेच वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दोन्ही निर्णयांत आकडे आहेत, चुकीची मर्यादाही सांगितलेली आहे. तरी अंतर दसपटीहून अधिक! हा वाद चालू शकतो तो दोन्ही पक्षांनी आपापली कृती उघड मांडली म्हणूनच. केवळ आकडा छापून कृती गुप्त ठेवली असती, तर लवणासुराच्या कथेहून त्या आकड्यास अधिक मान देण्याचे कारण उरले नसते.

त्याच जिल्ह्यातील देऊळघाट या गावचा कोणी शिक्षक आपल्या गावाविषयी लिहावयास बसला, तर त्याच्यापुढे हाच प्रश्न येतो. पायाखालच्या काळ्या दगडासाठी त्याने भूस्तरशास्त्रज्ञास विचारावे. गावाच्या नावातील देऊळ आणि घाट यांचा अर्थ लावण्यापूर्वी जुन्या कागदांत ते नाव कसे लिहिले आहे ते पाहावे. शेगावची पालखी पंढरीस निघते तेव्हा आपल्या गावचे कोण जाते, कोण जात नाही, हे दोघांच्याही घरी बसून ऐकावे. जी गोष्ट ऐकीव ती ऐकीव म्हणून लिहावी, मोजलेली ती मोजलेली म्हणून. आणि कोणाच्या घरी गेलो, कोणाच्या घरी गेलो नाही, हेही सांगून टाकावे.

आपल्या नियतकालिकांतून अशा लेखांचा निष्कर्ष तेवढा छापतात आणि तो कसा काढला हा भाग कंटाळवाणा म्हणून गाळतात. त्यामुळे गावोगावच्या प्रामाणिक संशोधकाचे काम आणि दंतकथा वाचकास सारखीच दिसू लागतात. ‘वाटचाल’ इतक्या वर्षांनी पुन्हा वाचावी ती तिच्यातील व्याख्येसाठी नव्हे. आपण कोणत्या पंक्तीस बसून हे पाहिले, हे लेखिकेने सांगितले आहे म्हणूनच तिच्याशी वाद घालता येतो. आणि ज्याच्याशी असा वाद घालता येतो तेच संशोधन, मग त्यात कोष्टक असो वा नसो.