भुयारी स्थानकातील रेषा : कीथ हेरिंग आणि समकालीन आरेखन
रस्त्यावरील कलेपासून आरेखनकार नेमके काय घेतात, हा प्रश्न कीथ हेरिंग (१९५८-१९९०) याच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत रिकाम्या जाहिरात-फलकांवर काळा कागद चिकटवलेला असे. १९८० पासून सुमारे पाच वर्षे हेरिंगने त्यावर पांढऱ्या खडूने चित्रे काढली. पोलीस येण्यापूर्वी चित्र पूर्ण करणे भाग असे. दुरुस्तीला अवसर नव्हता. त्याच्या रेषेचा ठसठशीतपणा या निकडीतून घडला. १९८६ मध्ये ‘पॉप शॉप’ उघडून त्याने तीच रेषा टी-शर्ट व बिल्ल्यांवर आणली. त्यावरील बाजारूपणाचा आक्षेप अपुरा आहे. कला सर्वसामान्यांच्या हाती पोहोचावी, हीच त्याची दोन्हीकडील भूमिका होती. आक्षेप असलाच तर तो अनुकरणाविषयी असावा : नाचऱ्या आकृती उचलल्या जातात, त्यामागील निकड मात्र दुर्लक्षित राहते.